अक्षर माझंच आहे

तीन ठाण्यांत मिळून अकरा वर्षं
मी साहेबांचं वाक्य लिहून घेतलं.
ते उभ्यानं सांगायचे, टोपी टेबलावर ठेवून:
'पेट्रोलिंग करून परत. हद्दीत शांतता.'
शांततेवरचा अनुस्वार द्यायला विसरलो
तर न बोलता तिथं बोट ठेवायचे.

हिंदुराव मांगोरे. बाप गुळव्या,
दर हंगामाला वेगळ्या गुऱ्हाळावर.
त्यामुळं काहिलीचा ताव त्यांना लहानपणीच कळला,
पुढं माणसाचाही कळायला लागला:
कधी उतरवायचा,
कधी अजून दोन मिनिटं.

फायनलला दोन पेठा भिडल्या त्या रात्री
आम्ही स्टेडियमवरनं एकोणीस पोरं उचलली.
गॅलरीत चपलांचा खच पडलेला, जोडी कशालाच नाही.
एकोणिसातला एक अवधूत टिपुगडे, गोलकीपर.
पंजे असे, की घागर एका हातात मावावी.
सकाळी त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं
वळत नव्हती.
साहेब म्हणाले, 'मुजावर, लिही.'
मी लिहिलं,
'आरोपी सुस्थितीत. तक्रार नाही.'
या ओळीत अनुस्वार कुठंच लागत नाही.
तरी त्यांनी कागदावर बोट ठेवलं.
बराच वेळ.

मग पंचगंगा शहरात आली ते साल.
व्हीनस कॉर्नरला साहेब छातीएवढ्या पाण्यात,
खांद्यावर कुणाची तरी म्हातारी,
म्हातारीच्या मांडीवर मिक्सर.
ती तो सोडायलाच तयार नव्हती.
हे खोटं नाही, मी दोर धरून मागं होतो.
चार दिवस त्यांनी बूट काढले नाहीत,
काढले तेव्हा मोज्याबरोबर कातडं आलं.
त्या फोटोचं पुढं पोस्टर झालं.
मिक्सर तेवढा कापला.

वर्दी उतरवायचा अर्जही मीच लिहिला.
स्वेच्छानिवृत्ती. कारण: कौटुंबिक.
कौटुंबिक कारण चौदाशे मतांनी निवडून आलं.

आता संपर्क कार्यालय. लाकडी बाकडं.
लोक ठाण्यात उभे राहायचे तसेच उभे,
हात पुढं बांधून.
फरक एवढाच, की चहा येतो.
दाराशी टोकन वाटायला अवधूत टिपुगडे,
केस पिकलेत कानाजवळ.
डाव्या हातानं वाटतो.
'काका, तुम्हास्नी कशाला टोकन? आत जावा की.'
मी टोकन घेतलं. सदतीस.

भिंतीवर टीव्ही. नागपूरचं अधिवेशन,
साहेबांचं भाषण, परवाचंच, पुन्हा पुन्हा लावतात.
विषय, कोठडीतले बंद कॅमेरे.
चांगलं बोलतात. आवाज तोच,
फक्त आता 'अध्यक्ष महोदय' मध्ये येतं.
खाली दोघं-तिघं मान न उचलता लिहून घेतात.
तिथं म्हणे सगळं उतरवतात,
हसलेलंसुद्धा, कंसात.
एका जागी साहेब थांबले.
समोरच्या कागदावर बोट.
बाक वाजवणारे वाजवायचे थांबले, तरी बोट तिथंच.
ते थांबणं
त्या माणसांनी कसं लिहिलं असेल?

मी अवधूतकडं बघितलं.
तो टीव्हीकडं बघत नव्हता, टोकनं मोजत होता.

'सदतीस! काका, अर्ज कुठाय?'
'लिहायचा राहिलाय.'
'मग लिवा की. तुमचं अक्षर म्हंजे काय, छापल्यावानी.'
पेन दिला. छापील नमुना दिला.
वर नाव, पत्ता, मोबाईल.
त्याखाली रेघा आखलेला रिकामा चौकोन:
तक्रारीचं स्वरूप, थोडक्यात.