शेऱ्याचा रकाना

सहल म्हणजे अंबाझरी नाही, ताडोबा तर नाहीच.
सातवीची एकोणीस पोरं, एक टेम्पो,
पोह्यांचं पातेलं माझ्या मांडीवर,
आणि सिंदेवाहीच्या रस्त्याला, तारेच्या कुंपणात
ती पांढरी पेटी:
चार पायांवर उभी, अंगभर झडपा, दार उत्तरेला.
"मधमाश्या पाळल्या का जी?" निकेशनं विचारलं.
आत पारा होता.

साडेआठ म्हणजे साडेआठ.
चौखेकाका वाकले, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणला.
वरून बघितलं तर चुकतं, खालून बघितलं तरी.
कालचं कमाल अडतीस, आजचं किमान सतरा.
मी लगेच बाई झाले: काढा सरासरी.
साडेसत्तावीस.
मग दिवसभरात साडेसत्तावीस किती वेळ होतं?
सगळे गप्प. असलं गणित पुस्तकात नसतं.
पल्लवी बोटानं हवेत डोंगर काढत होती.
"दोनदा," ती म्हणाली,
"चढताना एक डाव, उतरताना एक डाव.
थांबला नाही कोटीच."

पर्जन्यमापकाच्या तोंडावर कोळ्याचं जाळं.
तरी काकांनी मापपात्र धरलं,
रिकामं उजेडाकडे करून पाहिलं
आणि जपून लिहिलं: ०.०
त्याच्यावर ०.०. त्याच्यावर ०.०.
नोव्हेंबरपासूनची रांग.
"कोरं ठेवलं त मी आलोच नाही असं होते.
शून्य म्हणजे मी आलतो, पाह्यलं,
पाऊस नव्हता."

वीस वर्षं शून्य शिकवते मी.

शेवटी बाष्पीभवनाचं मोठं पसरट भांडं, वर जाळी.
खुणेच्या टोकापर्यंत पाणी ओतायचं;
जेवढं ओतलं, तेवढं काल आभाळानं नेलं.
आठ मिलिमीटर.
पोरांनी नखावर मोजून पाहिलं. एवढं? एका दिवसात?
आचल मडावी मात्र जाळीच्या भोकाशी बसलेली,
काठावर पाखराची पांढरी शीट.
"पाखरं पेले असन त कोटी लिवता जी?"

काकांनी रजिस्टर तिच्याकडे फिरवलं, शेवटचा रकाना.
बारीक अक्षर: जाळी फाटली, बुलबुल.
मागच्या पानावर: माकड.
त्याच्याही मागे:
मुलीचं लग्न, नोंद नन्नावरे यांनी घेतली.
"वरती कोणी वाचते का हे?"
"बेरजेत येत नाही," काका म्हणाले,
आणि पोह्यांसाठी हात धुवायला गेले.

सोमवारी हजेरी.
आचल मडावी.
आचल मडावी?
मोह टपकायला लागलाय, माहीत आहे मला.
पहाटे टोपली घेऊन निघतात,
गुरांच्या आधी पोचावं लागतं झाडाखाली.
माझ्या कॅटलॉगलाही शेऱ्याचा रकाना आहे,
कोरा, पानोपान.
पेन टेकवलं.
गैरहजरच्या खुणेपुढं लिहिलं: मोहफुलं.

महिन्याची सरासरी काढताना
ती कुठं धरायची,
अजून ठरलेलं नाही.