बोटभर

या कामाला पंखा बंद ठेवावा लागतो.
मे महिना, खडे बाजार, पत्र्याचं दुकान
आणि मांडीवर हे जाकीट,
लडाखच्या पार वर जाऊन आलेलं,
बर्फात माणसाला ऊब देणारं.
इथं माझ्या मांड्या शिजतात.

बाही कोपराखाली फाटलीय.
बुटाचे खिळे लागले, म्हणाली उज्वला मुचंडीकर.
ती लोकांना हिमनदीवरून चालवत नेते,
पैसे घेऊन, दोरीला बांधून.
बाप तिचा वडगावात मागावर बसायचा.

टाका उसवला तसा आतून लोट उठला.
कात्रीवर पिसं, चहात पिसं,
भुवईच्या घामात पिसं.
समोरून बांगडीवाला बसवण्णेप्पा ओरडला,
'एनप्पा, कोळी कोयदी एन?'
त्याची कोळी म्हणजे कोंबडी.
माझा कोळी वर कोपऱ्यात जाळं राखत बसलेला,
त्यालाही दोन पिसं मिळाली.

खिसे आधी तपासायचे, हा वडिलांचा नियम.
मी विसरलो. चिठ्ठी नंतर सापडली:
सात नावं, समोर बुटाचे नंबर, रक्तगट.
पाचव्या नावावर काट.
एकदा नाही, दोनदा मारलेली.
प्रवीण कोरे. बूट नऊ.
तेलाच्या बुधलीखाली चिठ्ठी दाबली
आणि दोन रात्री त्या नऊ नंबरला
चेहरा शोधत पडून राहिलो.

शनिवारी ती आली. मी न बोलता चिठ्ठी पुढं केली.
'हा होय? पहिलं बर्फ बघूनच माघारी फिरला.
धारवाडला असतो. बँकेत.
बरं झालं गेला ते,
दोरीत एक घाबरला की सगळे जड होतात.'
एवढं दुःख फुकट गेलं माझं.

मग मीच विचारलं, नदी म्हणता, ती चालते का?
'चालते की. दिवसाला बोटभर.'
माझ्याच टेपवर तिनं बोट ठेवून दाखवलं.
'दिसत नाही. रात्री तंबूत ऐकू येतं,
लाकडी जिना कुणीतरी सावकाश चढतंय तसं.'
वर बर्फ सपाट, खाली भेग, कुठं ते ठाऊक नाही.
काठीनं चाचपायचं, मग पाऊल.
सात माणसं एका दोरीत,
मला पांढऱ्या कापडावरचा धावदोरा दिसला.
आणि पुढचा टाका खाली गेला तर?
'मागच्यांनी बसायचं. टाचा रोवायच्या. विचार नंतर.'

जाता जाता म्हणाली,
'आखूड झालीय पण, मास्तर.
पाच वर्षांमागं जिथं बर्फावर चढायचो
तिथं आता नुसते धोंडे. तासभर जास्त चालायचं.
लोक विचारतात, फोटोतलं ते कुठाय?'

कापड आटतंच, मी म्हटलं.
म्हणून तर आम्ही शिवणीत दोन बोटं आत ठेवतो,
पोर वाढलं तर सोडायला.
तिथं कुणी ठेवलीत का आत दोन बोटं?

ती ठिगळावरून अंगठा फिरवत राहिली.
ठिगळ छत्रीच्या कापडाचं, काळं.
पाणी शिरणार नाही, एवढं मी सांगू शकतो.

किती झाले? साठ.
सुटे बसवण्णेप्पाकडून आणले.

ती गेल्यावर पंखा लावला.
मशीनखाली, कपाटामागं दडलेली पिसं
सगळी एकदम बाहेर आली,
फरशी दिसेना.
मी उठलो,
आणि का कुणास ठाऊक,
गजाच्या लाकडी पट्टीनं आधी चाचपलं,
मग पाय टाकला.