आधी सोपं संपवा

पडद्यावर तीन ओळी येतात.
सोपं. मध्यम. कठीण.
तिसरीवर एक बारकं कुलूप,
नारी रोडच्या पानठेल्याला रात्री असतं तसंच, पितळी.
दाबलं की खाली अक्षरं उमटतात:
आधी सोपं संपवा.

सम्यका म्हणते, "मामा, हा अपमान आहे."
अकरा वर्षांची आहे, शब्द मोठे वापरते.
मैत्रिणीकडे, जाफरनगरला, तिनं हाच गेम
दोनदा संपवलाय. शेवटचा राक्षस
एका हातानं मारला म्हणे,
दुसऱ्या हातात कुरकुरे.
"त्याला काय माहीत मला काय येते?
विचारून तर पाहावं ना आधी!"

बाहेर सेहेचाळीस.
कूलरचा वाळा कालच बदलला,
तरी खोलीत ओल्या गवताच्या मागून
तापल्या वायरीचा वास येतोच.
मला तो लवकर येतो.

एकतीस वर्षं खांबावर चढलो मी.
पहिल्या दिवशी दमाहे उस्तादांनी
हातात शिडी दिली, तीही धरायला.
आठ महिने खालून वर पाहिलं,
मान आखडायची, पोट्टे हसायचे,
काय बे, आभाळ मोजून राह्यला काय?
अकरा केव्हीला हात लागला
तो दुसऱ्या उन्हाळ्यात.
तेव्हा मीही म्हणालो असेन, अपमान,
किंवा त्याहून वाईट काही.
सोबतचा गजभिये थांबला नाही.
त्याचं इथं लिहीत नाही, पोरगी वाचेल.

"पण गेममधे कोणी मरत नाही ना, मामा."
मरतं की.
मी आत्ताच मेलो,
त्याच खड्ड्यात, एक्केचाळीसाव्यांदा.
सोप्यात.

ही दोन बोटं आता वाकत नाहीत,
उडीचं बटण उशिरा दबतं.
सोपं कोणाच्या बोटांवरून ठरवलं
हे त्या कुलपावर लिहिलेलं नाही.
तिचं अडलंय पाच-सहा तासांचं.
माझं कायमचं.
कठीण खेळायचं नाही मला, बरं का,
नुसतं पाहायचं होतं:
तिथं बर्फ पडतो, म्हणते ती,
आणि शत्रू नाव घेऊन हाक मारतात.

तीनला लाइट गेली.
शेजारच्यांची होती. आपलीच गेली.
मीटरच्या पेटीपाशी ती टॉर्च धरून,
"मी काढू फ्यूज?"
"थांब!"
इतकं पटकन निघालं तोंडातून
की माझाच आवाज मला पितळी वाटला.
ती माझ्याकडे पाहत राहिली,
पडद्याकडे पाहते तशी.

मग मी टेस्टर आधी चालू तारेवर लावला,
दाखवला तिला लाल ठिपका.
मेन खाली ओढला.
आता तू लाव. दिसतो काय?
नाही.
पुन्हा लाव. एकदाच्या नाहीवर
विश्वास ठेवायचा नसतो.
नाही, मामा.

जळकी तार तिनं काढली, नवी ओवली,
स्क्रू गरजेपेक्षा जास्तच आवळला.
मी तो सैल केला नाही.
"हे सोपं होतं की कठीण?"
मला खरंच सांगता आलं नाही.
मी पेटीचं झाकण लावत बसलो.

कूलर घरघरला. टीव्ही उजळला.
मधेच लाइट गेली म्हणून
जतन काहीच झालं नव्हतं.
माझे एक्केचाळीस मृत्यू पुसले गेले होते,
तिसऱ्या ओळीवर कुलूप, होतं तिथंच.

तिनं सुस्कारा टाकला,
कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला
अन् जवळ सरकून बसली.
"खड्डा आला की मी सांगते.
तुम्ही फक्त बोट तयार ठेवा.
अजून नाही...
अजून नाही...
थांबा."