पाण्यातली टाचणी

शहापुरात, साडीच्या दुकानावरच्या माळ्यावर
आम्ही दोघी नकाशाचं ॲप बांधतोय.
मी चित्रं काढते, शिवलीला त्यात जीव घालते.
खाली थान उलगडतं, फट्, फट्,
आणि वर मी तिला विचारते,
बोटानं ओढला तर नकाशा किती ओढाळ असावा?

काम वाचनालयाचं.
'वाचकांनी आपापले नकाशे काढावेत, एकमेकांना द्यावेत'
एवढंच हलगेकर मास्तरांनी
वर्गणीच्या जुन्या पावतीमागं लिहून दिलं होतं.

पायाचा नकाशा तयार मिळतो, तो उतरवून घेतला.
त्याच्याबरोबर ती रेघही आली,
तुटक, जांभळी.
शिवलीला म्हणाली, हिची जाडी किती ठेवू?
मी म्हटलं, एक.
एक ठेवली तरी सहा शेतं झाकतात की, ती म्हणाली.
मग आम्ही चहा मागवला.

चाचणीला अकरा वाचक, तीन फोन.
बस चालवून निवृत्त झालेल्या इरगौडांनी
चोर्ला घाटाची नुसती वळणं काढली, रस्ता काढलाच नाही.
वळणं ठाऊक असली की मधलं आपोआप येतंय, म्हणाले.
वडगावचा श्रीशैल, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
त्यानं बोलून बोलून गल्ल्यांत मागांचे आवाज भरून घेतले,
कुठला खडखडतो, कुठला धापा टाकतो,
यावरच तो घरी पोचतो.
पाच ठिकाणी त्यानं 'बंद' लिहायला लावलं
आणि तिथून पुढं वाट कशी काढायची, ते सांगितलं नाही.
नववीतल्या आफरीननं
पासवर्ड नसलेली वायफायची घरं टिपली.
ते आम्ही काढून टाकलं.
त्याआधी शिवलीलानं फोटो घेतला.

येळ्ळूर रस्त्याच्या एका विहिरीवर तीन टाचण्या पडल्या:
विहीर. बावी. सुमन पोहायला शिकली ती जागा.
ॲपनं विचारलं, हे एकच ठिकाण आहे का?
हो. नाही.
अंगठे हवेत थांबले.
रात्री मी तिसरं बटण काढलं: दोन्ही.
शिवलीला भडकली, 'दोन्ही' मी ठेवू कुठं?
तुझं तू बघ की.

सगळ्यांत शेवटी रत्नव्वा.
चष्मा कपाळावर, फोन हातभर लांब.
नकाशा ढकलत ढकलत हिडकलपर्यंत नेला
आणि धरणाच्या निळ्यावर बोट दाबलं.
तांबडी पाटी आली:
इथं पत्ता नाही. जमिनीवरचं ठिकाण निवडा.
तिनं पुन्हा दाबलं.
पुन्हा पाटी.
मोठं करून बघितलं, आणखी मोठं,
निळं नुसतं मोठं होत गेलं.
मी सांगायला वाकले, आजी, ते पाणी आहे.
अगं जमीनच हाय की ती, म्हणाली,
पाणी वरनं आलंय.

तो नियम मीच लिहायला लावला होता.
लोकांची बोटं चुकतात म्हणून.
शिवलीलानं तिथंच बसून ती ओळ पुसली,
आणि रत्नव्वानं गाव मांडायला घेतलं:
उकिरडा, कासाराची पडवी,
चिंच, शाळेची घंटा टांगायची ती कैची,
जिथं म्हैस व्याली ती जागा.
एकोणीस टाचण्या, सगळ्या पाण्यात.
हे धाकट्याला कसं धाडायचं, तिनं विचारलं.
भाऊ गडहिंग्लजला असतो.
बाणावर बोट ठेवा, मी म्हटलं.
गेलं.

चौथ्या दिवशी चिंच दोन बोटं पूर्वेला सरकलेली दिसली.
खाली टीप: अक्के, चिंच हिकडं होती.
दुपारी ती परत जागेवर.
संध्याकाळी परत पूर्वेला.

दुसऱ्याची टाचणी हलवता यावी का,
हे आम्ही अजून ठरवलेलंच नव्हतं.
शिवलीला विचारते, कुलूप घालू का?
खाली शटर ओढल्याचा आवाज.
मी म्हणते, उद्या बघू.
पडद्यावर चिंच पुन्हा हललेली असते.