जवारी

विश्रामबागेत, टायरच्या शोरूमवर, दुसऱ्या मजल्यावर
मृण्मयी आवटींनी हॉटेल काढलंय.
हॉटेल म्हणायचं नाही, त्या रागावतात. प्रयोग म्हणायचं.
बसलं की कानाला हेडफोन, नाकाशी नळी,
आणि घास चावताना कोपराखालचं टेबल
गुणगुणलं पाहिजे.

ते गुणगुणत नव्हतं. भणभणत होतं.
म्हणून मिरजेहून मला बोलावलं,
सतारी करणारा माणूस, टेबलाचं काय कळणार.
कान लावला. लाकूड चांगलं होतं,
घाई वाईट होती.
दोन स्क्रू ढिले केले, फळीखाली सुताचा धागा सरकवला
तंबोऱ्याच्या तारेखाली सरकवतो तसा,
केसभर पुढं, केसभर मागं,
आणि बोललं.

मजुरी म्हणून निम्मे पैसे
आणि दोघांचं जेवण.

राबियाला चार वर्षं मीठ बंद.
डॉक्टरांनी कागदावर लिहून खाली लाल रेघ ओढली होती.
तुमचं वेगळं करत जाईन, म्हणाली.
मी म्हटलं, नको, तुझं ते माझं.
फार मोठा माणूस झालो मी त्या दिवशी.

आणि दुकानात, वाळत टांगलेल्या भोपळ्यांच्या मागं
रोज चार वाजता भडंगाची पुडी.
लसूण, शेंगदाणे, तळाशी उरलेलं तिखटमीठ
बोट ओलं करून.
मग साबणानं हात. मग बडीशेप.
मग घर.

पहिल्या ताटलीत रुपयाएवढी भाकरी.
वाढणारा पोरगा जतकडचा, म्हणाला, जवारीची हाय, चाचा.
मला हसू आलं.
चाळीस वर्षं जवारीच काढतोय मी,
हाडाच्या घोडीवर कानस फिरवत.
तार नुसती टेकली पाहिजे, बसता कामा नये,
टेकण्यात आणि बसण्यात जेवढी फट
तेवढाच सूर.
हे त्याला सांगितलं नाही. त्याच्या हातात सात ताटल्या होत्या.

नळीतून ओल्या हळदीचा वास आला.
यार्डात तो फुकट असतो,
इथं पावणेदोन हजारांच्या जेवणात.

मग आमटी, आणि बॅटरीचा चमचा.
यात मिठाचा कणही नाही, काकी, मृण्मयीताई म्हणाल्या,
चमचा फक्त जिभेला तसं सांगतो.
राबियानं तो थर्मामीटरसारखा धरला.
तोंडात घातला.
टेबल खालून हळू बोलत होतं.
तिनं हेडफोन काढून ठेवले.
चमचा बाहेर, पुन्हा आत, पुन्हा बाहेर,
दिव्याच्या बटणाशी पोर खेळतं तसं.

रडेल असं वाटलं. रुमाल मी काढूनच ठेवला होता.

ओळखीची चव आहे, ती म्हणाली.
कुठली?
तुमच्या ग्लासाची.
संध्याकाळी आल्याआल्या पाणी पिता,
ग्लास खाली ठेवता,
तो मी विसळत नाही. त्यानंच पिते.
कडेला असते थोडी.

मिशा. मिशा धुवायचं कधी सुचलं नव्हतं.

चार वर्षं?
चार कुठली, म्हणाली, पहिल्या महिन्यात तुम्ही खरंच खात नव्हता.

मी भाकरीकडं बघत राहिलो. रुपयाच तो, किती वेळ बघणार.
तिनं पोराला हाक मारली,
बाळा, मीठ जरा जास्त झालंय.
तो पळत गेला आणि कुठलंतरी बटण फिरवून आला.
आता बरोबर, ती म्हणाली,
आणि माझी वाटी आपल्याकडं ओढली.

जिना उतरताना मृण्मयीताईंनी विचारलं, टेबल कसं वाटलं?
म्हटलं, अजून पक्कं जमलेलं नाही,
महिन्याभरात पुन्हा बघावं लागेल.

जमलं होतं.
राबिया दोन पायऱ्या पुढं होती, वळली नाही,
पण पदराआडून तिचे खांदे हलले
ते मला दिसले.