कमी आवाजाचा पंखा

वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: चौदा हजार.
मग खोडलं. तेरा हजार चारशे,
कारण वडसा ते नागपूर जाणं-येणं आणि दोन चहा.

टीव्ही आहेच. पुतण्याच्या लग्नात आलेला,
त्याला पुण्याच्या खोलीत भिंत पुरली नाही.
प्रोसेसर जुना चालेल, कोण्या बँकेतून निघालेला,
लोकांचे हप्ते मोजून मोजून शहाणा झालेला.
चार जीबीत भागते, म्हणाला नरहरी शेंडे.
त्याच्या झेरॉक्सच्या दुकानातलं चार जीबी
मीच रोज थापडा मारून जागं करतो.
आठ लिहिलं.

हार्ड डिस्क घरची, रुमालात बांधलेली.
बावीस हंगाम मिक्सरवर बसलो मी;
मंडईतली नाटकं, शंकरपटाच्या रात्रीची नाटकं,
सगळी तिच्यात उतरवून ठेवली आहेत.

सीताबर्डीवरच्या पोरानं विचारलं,
काका, होम थिएटर करायचं म्हणता?
मला हसू आलं.
आमच्याकडे थिएटर म्हणजे धान निघालेली बांधी:
खोल खणायची, निघालेली माती समोर रचायची,
खड्ड्यात माणसं, मातीवर राजा.
पोरगा ग्राफिक कार्डाचा डबा पुढं सरकवत होता.
मी विचारलं, आवाज किती करतो?
म्हणाला, स्पीकर?
म्हटलं, पंखा.

आता त्याला काय सांगू.
माझा बाप, डोमाजी, प्रॉम्प्टर.
विंगेत पोत्यावर बसून, मांडीवर वही, काखेत टॉर्च,
आणि वरचा माईक त्याला थोडा थोडा पकडायचा.
रेकॉर्डिंग नीट ऐकलं तर खाली तो आहे.
राजा म्हणतो, थांब.
त्याच्या अर्धा श्वास आधी बाप म्हणतो, थांब.
नायिका रडायच्या आधी बाप रडतो,
कोरड्या आवाजात, स्वल्पविरामासकट.
शेंड्याच्या मशीनवर लावून पाहिलं होतं.
नायिका आली, तबला आला,
गर्दीतलं कोणाचं तरी लेकरूही आलं.
बाप त्या घरघरीत गेला.

म्हणून पंखा बाराशेचा.
पोरगा म्हणे, प्रोसेसर अठराशेचा अन पंखा बाराशेचा?
म्हटलं, हो, आणि पॉवर सप्लायही चांगला दे.
रात्री कृषिपंपाची लाइन आली की
आमच्या घरातला बल्ब हळदीसारखा होतो.
डबा मात्र स्वस्तातला. काच नको, लाल-निळे दिवे नकोत,
मागून उंदीर शिरणार नाही एवढं पाहा.
विंडोजचे पैसे वाचवले. फुकटातलं टाकून दिलं त्यानं,
त्याचं नाव मी दोनदा विचारलं आणि दोनदा विसरलो.

स्पीकर पेंडॉलातलाच एक आणला घरी.
दहा बाय बाराच्या खोलीत
तो मैदानातला गडी बिचकून बसल्यासारखा वाटतो.
जोडणी पाहायला निम्मी गल्ली आली.
एक स्क्रू उरला. कुठला, ते अजून कळलं नाही.
बाहेर शेचाळीस डिग्री, आत कूलर;
कूलर बंद केला तर कोणी विचारलं, कायले?
उत्तर दिलं नाही. घाम पुसत बसलो सगळे.

बाबाच्या घशाचं ऑपरेशन झालं दोन वर्षांखाली.
तेव्हापासून पाटीवर लिहितो,
नातवाची पाटी, एका कोपऱ्यात फुटलेली.
पडदा उघडला. घंटा. मग राजाच्या आधी
तो आला, तिथून, खालून,
आणि इथं खाटेवर त्याचे ओठ हलले,
रेकॉर्डिंगमधल्या स्वतःच्याही अर्धा श्वास आधी.
मी डब्यामागं हात धरला.
गरम वारा येत होता. आवाज नव्हता.

दुसऱ्या अंकात त्यानं खाटेची पाटी ठोकली.
थांबवलं. खडू शोधायला वेळ गेला.
लिहिलं: सेनापतीनं दोन ओळी गाळल्या.
मग बोटानं खूण केली, मागं घे.

नव्या कीबोर्डावर मागं न्यायचं बटण
मला लवकर सापडेना.
सापडलं. मागं नेलं.
परत गाळल्या.