पान अठ्ठावन्न

पुस्तिकेत पान अठ्ठावन्नवर एक चित्र आहे:
उलगडलेली कापडी पिशवी, सहा कप्पे,
कप्प्यांतून डोकी काढून बसलेली सहा हत्यारं.
पक्कड. स्क्रूड्रायव्हर. दोन दुतोंडी पाने.
स्पार्क प्लगचा नळीपाना.
आणि चाकाच्या नटांचा, कोपरात वाकलेला.

गाडी एकोणपन्नासची, मी एकोणसत्तरची.
दोघींत तीच जास्त चालते, असं हेरंब म्हणतो.
सीटखाली पिशवी मिळाली, सगळे कप्पे रिकामे,
शेवटच्यात तेवढे
कुण्या उंदरानं साठवलेले मक्याचे दाणे.

हेरंब म्हणाला, दुकानात नवा पाना अकरा डॉलरला मिळतो.
मिळतो. आणला. बसतोही.
पण बसणं वेगळं, आणि त्याच घरचं असणं वेगळं,
हे मी त्याला बोलले नाही.
तेवीस वर्षं मीही आयोवात नीट बसलेय.

मग रविवार गेले.
क्रेस्कोच्या जत्रेच्या मैदानात
ताडपत्रीवर मांडलेल्या गंजापुढे गुडघे टेकायचे,
तारेच्या ब्रशनं घासत राहायचं.
गंज उडाला की अक्षर दिसतं.
बहुतेक वेळा दिसत नाही.
व्हर्लिन नावाच्या म्हाताऱ्यानं चार डॉलरला पक्कड विकली
आणि वर फुकटचं शहाणपण:
"शिक्का उजव्या दांड्यावर हवा. डाव्यावर असला तर ट्रॅक्टरची."
घरी येऊन पाहिलं. ट्रॅक्टरची.
पुढच्या महिन्यात त्यानं खरी दिली, पैसे घेतले नाहीत,
ओशाळलाही नाही.

दोन पाने वॉकॉनच्या लिलावात, एका बादलीच्या तळाशी.
अख्खी बादली घ्यावी लागली:
बिजागऱ्या, वाकडे खिळे,
आणि कुत्र्याच्या गळ्यातला बिल्ला, नाव लेना.
स्क्रूड्रायव्हर कसा मिळाला ते सांगण्यासारखं नाही.
नळीपाना टेनेसीहून टपालानं आला.
त्यावर कुणीतरी कानशीनं कोरलेलं आर. के.
कारखान्याच्या शिक्क्यापेक्षा खोल.
ते मी घासलं नाही.

सहाव्याचा पत्ता व्हर्लिननंच दिला.
डेकोराच्या पुढे, खडीच्या रस्त्यानं,
आर्डिस टोलेफसनच्या गोठ्यात,
डावीकडच्या फाटकाच्या कडीत घातलेला.
"कडी तुटली तेव्हा नवऱ्यानं खुपसला," ती म्हणाली,
"तात्पुरता. बासष्टच्या मार्चात."
त्याला ब्रश लागलाच नाही.
साठ वर्षांच्या तळहातांनी तो चांदीसारखा झालेला,
अक्षर पुसट, पण उजवीकडे.

मी पाकीट काढलं.
"ने गं तसाच," आर्डिस म्हणाली, "वासरं तरी कुठे उरलीत आता."
खरंच. फाटकाच्या आत काहीच नव्हतं,
फाटकाबाहेर जेवढं होतं तेवढंच.
मी पाना अर्धा ओढला.
फाटक आपल्याच वजनानं करकरत उघडायला लागलं
आणि बोलता बोलता, माझ्याकडेच बघत,
आर्डिसनं गुडघ्यानं ते थोपवून धरलं.
तिच्या लक्षातही आलं नसावं.
गुडघा दुखरा होता, दिसत होतं.

मी पाना परत आत सारला.
"माझ्या गाडीचा नाही," म्हटलं. "ट्रॅक्टरचा आहे."
तिनं शिक्क्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
तिच्या नवऱ्यानं चाळीस वर्षं तीच गाडी चालवलेली.
"असेल," ती म्हणाली,
आणि मला कॉफी दिली, फार पाणचट.

आता पिशवी सीटखाली असते, पाच कप्पे भरलेले.
मक्याचे दाणे होते तिथेच ठेवलेत.
पान अठ्ठावन्नच्या समासात पेन्सिलीनं लिहिलंय:
सहावा आर्डिसकडे, डावं फाटक.
चाक बसलं,
तर अकरा डॉलरचा आहेच.